या चुका टाळा: जुनी उघड्या टपाची गाडी आधी रंगवू नका

माझी पहिली एमजीबी, म्हणजे एक जुनी ब्रिटिश उघडी गाडी, मी एकदा दारं उघडी ठेवूनच जॅकवर उचलली. मागचं चाक जमिनीपासून वीतभर सुटलं, मी खालचं जे काम होतं ते केलं आणि दार लावायला गेलो, तर ते लागेना. खाच एका उंचीवर, कुलूप दुसऱ्याच. दाराचा काही दोष नव्हता. गाडीच मधोमध वाकली होती. त्याच्या दोनच महिने आधी मी तिला झकास गडद हिरवा रंग मारून घेतला होता.

हौसेनं घ्यावी आणि रविवारी फिरवावी अशा, खिशाला झेपणाऱ्या जुन्या उघड्या गाड्या मोजक्याच. एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर, दोन्ही १९६२ ते १९८०. फियाट १२४ स्पायडर, १९६६ ते १९८५. आणि आता जुन्यांत जमा झालेली, १९८९ साली आलेली माझ्दा एमएक्स-५. यांचे सुटे भाग अजून मिळतात, इंजिनं साधी आहेत आणि बहुतेक कामं घरच्या पान्यांवर होतात. तरीही अर्धवट सोडलेल्या, डबे-पिशव्यांत भरून विकायला काढलेल्या गाड्यांत यांचीच संख्या मोठी दिसते. कारण बहुतेकदा एकच: कामाचा क्रम चुकतो. जे डोळ्यांना दिसतं ते आधी होतं आणि जे गाडीला तोलून धरतं ते शेवटी, तोवर पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात.

वरून कीर्तन, आतून तमाशा

बंद गाडीत टप हा ताकदीचा भाग असतो. तो काढला की पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवायचं काम दाराखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, येतं. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, त्यामुळे तिथे सिल म्हणजेच कणा. स्पिटफायरला चासी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तिची चासी मधल्या कण्यासारखी आहे, दोन्ही कडांना आधार नाही. तिथेही बाजूचा भार सिलच घेते.

एमजीबीची सिल एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली त्यांना बांधणारी पट्टी. सर्वांत जास्त केली जाणारी लबाडी म्हणजे कुजलेल्या आतल्या थरांवर बाहेरून नवा पत्रा ठोकणं. बाहेरून सिल नवीकोरी दिसते आणि आत गंजाचा भुगा. त्यावर अंडरसील, म्हणजे गाडीच्या बुडाला लावायचा डांबरी लेप, फासलं की ओल आत कोंडते आणि गंज दुप्पट जोरानं धावतो.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी करा. दार बंद असताना त्याच्या मागच्या फटीकडे बघा: फट खाली रुंद आणि वर चिंचोळी असेल तर गाडी मध्ये खचली आहे. मग विकणाऱ्याला विचारून एक बाजू जॅकवर घ्या आणि दार उघडझाप करून बघा. तिसरं, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नाही, पुटी आहे. गालिचा उचलून खाली हात लावायलाही लाजू नका.

सिल कापायची वेळ आलीच तर ही चूक हमखास होते: गाडी मधोमध उचलून, दारं काढून, दोन्ही सिल एकदम कापणं. गाडी त्याच वेळी वाकते आणि नवी सिल त्या वाकलेल्या आकारातच जोडली जाते. मग दार जन्मभर लागत नाही. कापण्याआधी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी नळीचा आधार जोडून घ्या. गाडीचं वजन तिच्या चाकांच्या जागी, म्हणजे सस्पेन्शनवर राहू द्या. एका वेळी एकच बाजू. आणि प्रत्येक टप्प्यावर दार अडकवून फटी मोजा, पूर्ण वेल्डिंग करण्याआधी ठिपके देऊन थांबा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण याच कामावर बाकीची गाडी उभी आहे, अगदी शब्दशः.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडा. जवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण पेटते ती वाफ. काम झालं की पोकळ भागांत मेण फवारा. हे मेण सगळे विसरतात.

चालते की नाही यापेक्षा थांबते की नाही

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी मिळाली की पहिला मोह इंजिन सुरू करण्याचा. निदान स्टार्टर मारण्याआधी प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि इंजिन हातानं फिरवून बघा. अडकलेल्या इंजिनावर स्टार्टरची जबरदस्ती केली तर पिस्टन रिंगा तुटू शकतात. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याबरोबर येणारा गंजाचा गाळ कार्ब्युरेटर बुजवतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आतून खातं, तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घाला, बाहेरून कितीही धडधाकट दिसल्या तरी.

पण इंजिन सुरू झालं म्हणून रस्त्यावर जाऊ नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. दर दोन वर्षांनी ते बदलावं. डॉट ३ आणि डॉट ४ या नेहमीच्या ब्रेक ऑइलच्या जागी कौतुकानं सिलिकॉनचं डॉट ५ ओतू नका, ही दोन्ही एकत्र चालत नाहीत. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग उकलतो, हे मी त्याच हिरव्या रंगावर शिकलो.

एक नेहमीचं दुखणं: थोडं चालवल्यावर एखादं पुढचं चाक तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. लोक लगेच कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबणारा चिमटा, बदलतात. आधी हे करा. चाक उचला, ब्रेक दाबून सोडा, चाक फिरवून बघा. अडकलं असेल तर कॅलिपरचा हवा काढायचा निपल किंचित सैल करा. चाक सुटलं म्हणजे दाब आत कोंडला होता, आणि एकाच चाकाचं दुखणं असेल तर संशय रबरी होजवर. ही होज आतून फुगते: पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं, परत येत नाही. निपल सोडूनही चाक अडकलेलंच राहिलं तर मात्र कॅलिपरचा पिस्टन गंजला आहे. सगळीच चाकं अडकत असतील तर पेडल आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) यांच्यात थोडी मोकळी चाल आहे का ते बघा.

चोर सोडून संन्याशाला फाशी

वीस मिनिटं छान धावून गाडी बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. यात कार्ब्युरेटरचा बळी हमखास जातो. तो उघडला जातो, धुतला जातो, नवा संच बसतो, आणि पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर बंद. खरा चोर बहुतेक वेळा ठिणगीच्या यंत्रणेत बसलेला असतो: प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला, तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर किंवा रोटर, नाहीतर कॉइल. गाडी बंद पडली त्याच क्षणी, गरम असतानाच, ठिणगी तपासा. थंड झाल्यावर तपासणं व्यर्थ, तेव्हा सगळं ठीकच असतं. ठिणगी असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला तर टाकीत हवा शिरायची वाट बुजली आहे.

ट्यूनिंगलाही क्रम आहे. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्कांची फट (जुन्या एमजीबीला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर), मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. पॉइंटची फट बदलली की टायमिंग हलतं, म्हणून उलट क्रमानं गेलात तर दुपारभर गोल फिरत राहाल. एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर असेल तर वरच्या नळकांड्यातलं ऑइल बघा. ते संपलं असेल तर ॲक्सिलरेटर झटकन दाबल्यावर गाडी अडखळते, आणि एवढ्यासाठी लोक कार्ब्युरेटर बदलतात!

वायरिंगबद्दल थोडक्यात. ब्रिटिश गाड्यांतल्या विजेची बदनामी मोठी आहे, पण बऱ्याच तक्रारी गंजलेल्या अर्थिंगच्या निघतात. मंद दिवा दिसला की बल्ब बदलण्याआधी, दिवा चालू ठेवून बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत मल्टीमीटर लावा; ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर जोड घासून साफ करा. चार्जर किंवा रेडिओ जोडण्याआधी मात्र एक खात्री हवीच: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत अर्थ धन टोकाला असे. सवयीनं ऋण धरून जोडलंत तर धूर निघेल.

पुस्तक न वाचता ग्रीस

प्रत्येक गाडीची एखादी खोड असते. स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनमधल्या ट्रनियनला (चाक वळवणाऱ्या आटेदार सांध्याला) ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. तिथे ग्रीसगन लावून लोक समाधानानं हात पुसतात. आत आटे झिजतात आणि एके दिवशी चाक कलंडतं. त्याच गाडीत एकानं क्लच दाबावा, दुसऱ्यानं इंजिनाची पुढची पुली बघावी. पुली पुढे-मागे सरकताना डोळ्यांनी दिसली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर संपले आहेत. दुर्लक्ष केलं तर ते गळून पडतात आणि इंजिनाचा ब्लॉकच कामातून जातो. फियाट १२४ चा टायमिंग पट्टा कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा.

टपाशी घाई नको

कापडी किंवा रेक्झिनचा टप ओला असताना घडी केला तर बुरशी धरते, आणि तो वास सहसा जात नाही. पावसातून आलात तर टप वर ठेवूनच सुकू द्या. कडक थंडीत रेक्झिनची घडी करू नका, चिरतो. मागची प्लॅस्टिकची खिडकी दुमडली की पांढरी रेघ कायमची पडते. घडीच्या आत मऊ टॉवेल ठेवा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये तर खिडकीची झिप आधी उघडायची, मग टप खाली. नवा टप बसवायचा असेल तर तो आधी उन्हात ऊब घेऊ द्या. थंड टप ताणून बसवला तर शिवणी उसवतात, सैल बसवला तर सुरकुत्या आणि वेगात फडफड.

टपाची दुसरी बाजू म्हणजे पाणी जायची वाट. एमएक्स-५ मध्ये टपावरचं पाणी सीटच्या मागच्या कोपऱ्यांतल्या छिद्रांतून खाली उतरतं. पालापाचोळ्यानं ती तुंबली की पाणी आत शिरतं आणि मागची सिल आतून कुजते. दोन-तीन महिन्यांनी मऊ प्लॅस्टिकच्या नळीनं ती साफ करा, तारेनं भोसकू नका. पाणी ओतून ते खाली जमिनीवर पडतंय ना, हे बघा. गाडी झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्रीही नको: आतली वाफ बाहेर पडत नाही आणि गाडी झाकणाखाली घामेजते. हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या.

उभी राहून झिजणारी गाडी

आठवड्याला पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणं हा काळजीचा भास आहे. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साठतं, आणि स्टार्टरनं खाल्लेला करंटही भरून निघत नाही. फिरवायची तर अर्धा तास तरी फिरवा, नाहीतर बॅटरीला छोटा चार्जर लावून गाडी शांत उभी राहू द्या. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा पाचर, लावा. क्लचही असाच फ्लायव्हीलला चिकटू शकतो.

टायरची नक्षी खोल दिसते म्हणून खूश होऊ नका. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३४१२ म्हणजे २०१२ सालचा ३४वा आठवडा. अशा गाडीचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात. दहा वर्षं उलटली की बदला.

फिरून आल्यावर कव्हर टाकायची घाई करू नका. चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघा, एक बाकीच्यांपेक्षा तापलं आहे का. खाली पुठ्ठा सरकवून ठेवा: सकाळी त्यावर थेंब कुठे आणि कोणत्या रंगाचा पडला आहे, यावरून पुढच्या रविवारी पाना आधी कुठे लावायचा ते कळतं.