प्लेटिंगचं पिवळं पाणी पुन्हा लाइनवर कसं आणायचं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं झिंक प्लेटिंगचं (लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचं) छोटं युनिट समोर ठेवून हे लिहिलं आहे. पिवळ्या क्रोम पॅसिव्हेशननंतरच्या, म्हणजे जस्त गंजू नये म्हणून त्यावर क्रोमचा पातळ थर दिल्यानंतरच्या धुण्यातून दिवसाला पाच हजार लिटर पाणी निघतं असं धरू. या वसाहतीचा काही भाग अंबाझरी तलावाच्या पाणलोटात येतो. त्यामुळे नाल्यात सोडलेलं क्रोम कुठे जाऊन पोचतं, हे इथे वेगळं सांगायला नको.

सुरुवात लाइनवरूनच करा. जॉब, म्हणजे प्लेटिंगचा भाग, बाथमधून (रसायनाच्या टाकीतून) काढल्यावर दहा-पंधरा सेकंद बाथवरच निथळू द्या. धुण्याच्या दोन टाक्या एकापाठोपाठ ठेवा. ताजं पाणी दुसऱ्या टाकीत सोडा आणि तिचं ओसंडलेलं पहिलीत घ्या. एवढ्याने पाणी खूप कमी लागतं आणि ईटीपीही (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) लहान बसते.

दुसरी गोष्ट, पाणी वेगवेगळं गोळा करा. क्रोमची पाइपलाइन वेगळी, आम्ल-अल्कलीची वेगळी. सायनाइडचं बाथ असेल तर त्याच्या पाण्याचा आणि आम्लाचा कधीच संबंध येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आली की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि टाकीवर वाकलेला माणूस जागच्या जागी जातो. हे पाणी पीएच 10.5 च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने वेगळंच तोडावं लागतं.

आता क्रोम. पिवळा रंग षट्‌संयुजी क्रोमचा. हे क्रोम चुन्याने गाळ होऊन खाली बसत नाही, आधी त्याचं त्रिसंयुजी क्रोम करावं लागतं. टाकी भरली की ढवळणी चालू करा आणि पाण्यात थोडं थोडं गंधकाम्ल सोडून पीएच 2 ते 2.5 वर आणा. मग सोडियम मेटाबायसल्फाइट. एक किलो क्रोमला हिशेबाने पावणेतीन किलो लागतं, प्रत्यक्षात तीन ते चार धरा. पाण्यात लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्रोम असेल तर पाच हजार लिटरमध्ये ते 250 ग्रॅम झालं, म्हणजे पाऊण ते एक किलो मेटाबायसल्फाइट. अर्धा तास थांबा. पिवळं जाऊन पाणी फिकट हिरवट-निळसर झालं की ओआरपी (क्रिया किती झाली ते दाखवणारं मीटरचं माप) साधारण 250 ते 300 मिलिव्होल्टवर आलेला दिसेल. तरी रंगावर भरवसा ठेवू नका. ग्लासभर नमुन्यात डायफिनाइल कार्बाझाइड टाकून पाहा; जांभळी छटा आली तर काम अपुरं आहे. सर्वांत जास्त चूक इथेच होते. पीएच 4 च्या आसपास असतानाच लोक पावडर ओततात. तिथे क्रिया अगदी मंद चालते, रंग हलत नाही म्हणून आणखी पावडर पडते. मग गंधक जळल्यासारखा वास डोळ्यांत झोंबतो आणि उरलेल्या सल्फाइटने सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) वाढतो. टाकीजवळ हवा खेळती हवी, तोंडाला मास्क हवा.

त्यानंतर दहा टक्के चुन्याचं दूध (लिटरमागे शंभर ग्रॅम चुना कालवून) घालून पीएच 8.5 ते 9 करा. 10 च्या वर नेलं तर बसलेलं क्रोम आणि पाठोपाठ झिंकही पुन्हा विरघळायला लागतं. अमोनियम क्लोराइडवर चालणाऱ्या झिंक बाथचं पाणी यात मिसळलं तर झिंक नीट बसतच नाही, तेही वेगळं ठेवा. चुन्याचा डोस अंदाजाने ठरवू नका. एक लिटर पाणी बीकरमध्ये घेऊन मिलिलिटर-मिलिलिटरने हे दूध घाला. एक मिलिलिटर लागलं तर पाच हजार लिटरला पाच लिटर दूध, म्हणजे अर्धा किलो चुना.

मग गाळाचे कण एकत्र बांधणारी पावडर, पॉलिइलेक्ट्रोलाइट. ती शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, तेही चिमटी-चिमटीने भुरभुरून. एकदम ओतलं तर माशाच्या डोळ्यासारख्या गाठी होतात आणि त्या विरघळत नाहीत. टाकीला या द्रावणाचे पाच लिटर बस्स. ढवळणी मंद ठेवा, जोरात फिरवली तर बांधलेला गाळ फुटतो. तासाभरात वरचं पाणी नितळ व्हायला हवं. सोडायचं असेल तर षट्‌संयुजी क्रोम लिटरमागे 0.1 आणि एकूण क्रोम 2 मिलिग्रॅमच्या आत लागतं.

सॅंड फिल्टर आणि कार्बन फिल्टरमधून काढलेलं हे पाणी फरशी धुवायला, चुना कालवायला चालतं. झाडांना घालू नका. लाइनवर परत न्यायचं तर आरओ लागतो आणि तिथे चुनाच आडवा येतो. गंधकाम्ल, मेटाबायसल्फाइट आणि चुना मिळून जिप्सम तयार होतं आणि ते मेंब्रेनवर खडूसारखं चढतं. त्यात बोअरचं पाणी जड असेल तर आणखी लवकर. म्हणून आरओ असेल तिथे चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरणं आम्हाला बरं वाटतं. गाळ हलका बसतो, जास्त वेळ लागतो, पण मेंब्रेन वाचतं. अँटीस्केलंट (मेंब्रेनवर क्षार चढू न देणारं रसायन) तरीही चालू ठेवा.

मेअखेरच्या नवतपात उघड्यावरच्या टाकीतलं पाणी चाळिशी गाठतं. गरम पाण्यात आरओतून क्षार जास्त निसटतात आणि मेंब्रेनही लवकर खराब होतं. फीड टाकी सावलीत ठेवा, आरओ पहाटे चालवा. 65 टक्के पाणी परत काढलं तर 2000 टीडीएसच्या (लिटरमागे 2000 मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांच्या) पाण्याचं रिजेक्ट, म्हणजे मागे उरलेलं खारं पाणी, साधारण 5700 चं होतं. ते गोळा-टाकीत परत सोडू नका. दर फेरीत क्षार चढत जातात आणि महिनाभरात आरओ बसतो. मार्च ते मे उथळ सौर टाकीत ते इथे चांगलं आटतं, पण जूनच्या पहिल्या सरीआधी तिच्यावर छत हवं.

फिल्टर प्रेसमधला गाळ धोकादायक कचरा, वर्ग 35.3. गळती न होणाऱ्या पोत्यांत, पक्क्या फरशीवर, छपराखाली ठेवा. नव्वद दिवसांच्या आत मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रावर पाठवा आणि प्रत्येक पोत्याचं वजन त्याच दिवशी वहीत उतरवा.