तापलेल्या गुराच्या रक्ताची काच कशी काढावी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानालगत गुरे चारणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: जनावर धडधाकट दिसते म्हणून त्याचे रक्त परजीवींपासून मोकळे असतेच असे नाही. आफ्रिकेतील रानम्हशीच्या रक्तात झँथिन ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि सर्राच्या (माशीवाटे पसरणाऱ्या, रक्तातील परजीवींमुळे येणाऱ्या गुरांच्या तापाच्या) जातकुळीतील परजीवी त्याने मरतात, पण सगळेच मरत नाहीत, आणि उरलेले माशीवाटे पाळीव गुरांत उतरतात. माणसाच्या रक्तात हे काम एक निराळे प्रथिन करते. २००४ साली विदर्भातील एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचे परजीवी सापडले, तेव्हा त्याच्याकडे ते प्रथिन कार्यक्षम नसल्याचे पुढे दिसून आले. आपल्याकडची देशी गुरे गोचीडतापाला संकरित गाईंपेक्षा बरे तोंड देतात, मात्र बरी झाल्यावरही रोग बाळगून राहतात. त्यामुळे शेजारचा बैल ठणठणीत आहे, एवढ्यावरून आपल्या गाईचा ताप साधा ठरवू नये; तिच्या रक्ताची काच, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, तपासून घ्यावी.

ताप चढलेला असताना आणि कोणतेही औषध देण्यापूर्वी काच काढावी. हे काम पशुवैद्यकाने किंवा त्याच्याकडून शिकलेल्यानेच करावे. कानाची कड स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, निर्जंतुक सुईने कडेची शीर टोचावी, पहिला थेंब पुसून टाकावा आणि दुसरा, ज्वारीच्या दाण्याहून लहान, काचपट्टीच्या टोकाशी घ्यावा. दुसरी पट्टी तिरकी धरून थेंबाला टेकवावी, रक्त तिच्या कडेने पसरले की एका दमात पुढे सारावी. थर जिभेच्या आकाराचा आणि टोकाकडे विरळ झाला, तर काच साधली. खानापूरच्या पावसाळी हवेत ती सावकाश वाळते व रक्तपेशी विद्रूप होतात, म्हणून हलवून लगेच वाळवावी. माश्या आणि मुंग्या तो थर चाटून फस्त करतात, तेव्हा उघडी ठेवू नये.

जाड बाजूवर पेन्सिलीने कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहावा. काच तपासणारा कन्नड भाषिक असू शकतो, तिथे ‘कपिला’ एवढ्याने भागत नाही. काच त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावी.

सर्राचा परजीवी आपले बाह्य आवरण पुन्हा पुन्हा बदलून शरीराच्या प्रतिकाराला चकवतो, त्यामुळे रक्तातील त्याची संख्या कमीजास्त होत राहते. पहिल्या काचेत काही दिसले नाही, तरी ताप परतताच दुसरी काच काढावी.