इंटर्नशिपच्या मेलला उत्तर का येत नाही? आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

इंटर्नशिपचा मोसम आला की नौपाड्यापासून बेलापूरपर्यंतच्या आम्हा छोट्या ऑफिसवाल्यांना एकच मेल येतो. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, आपल्या नामांकित फर्ममध्ये काम करण्याची संधी मिळावी...’ पाठवणारा वेगळा, मजकूर तोच. कधीकधी तर पत्त्याच्या रकान्यात ठाण्यातली निम्मी ऑफिसं ओळीनं दिसतात. अशा मेलला उत्तर येत नाही म्हणून ‘ओळख असल्याशिवाय काही होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. ओळख लागते हे खरं, पण ती करून घेण्याचे रस्ते आपणच बंद करून ठेवतो.

मेल धाडण्याआधी त्या ऑफिसचं एक तरी काम प्रत्यक्ष जाऊन बघा आणि त्यावर नेमका प्रश्न विचारा. ‘घोडबंदर रोडच्या इमारतीत पोडियम पार्किंगला फक्त पश्चिमेकडून जाळी का?’ एवढं पुरे. याला उत्तर न देणारा आर्किटेक्ट विरळाच. आपल्या कामाबद्दल बोलायला आम्हाला मिळतं कोण? क्लायंट कार्पेट एरिया सोडून काही विचारत नाही.

पोर्टफोलिओ उघडतच नाही

अक्षरशः उघडत नाही, कारण फाइल 80 एमबीची असते. उघडलीच तर पहिली दहा पानं रेंडरची, म्हणजे संगणकावर रंगवलेल्या चित्रांची: केशरी आकाश, आपल्याकडे न उगवणारी झाडं, फुगे घेतलेली मुलगी. माझ्यासारखे लोक ही पानं भराभर सरकवून सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, शोधतात, आणि सेक्शनमध्ये जिना. मजल्याची उंची 3 मीटर, मधलं लँडिंग बरोबर दीड मीटरवर आणि त्याच लँडिंगखालून इमारतीचं प्रवेशद्वार, असा जिना दर वर्षी कोणाच्या तरी पोर्टफोलिओत असतोच. स्लॅबची जाडी वजा केली की लहान मूलही वाकूनच आत जाईल. राष्ट्रीय बांधकाम संहिता लँडिंगखालच्या वाटेला किमान 2.2 मीटर उंची मागते. रेंडरमध्ये हे दिसत नाही, सेक्शनमध्ये लपत नाही.

तेव्हा फाइल 10 एमबीच्या आत, पानं पंधराच्या आसपास. एक वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधायला लागणारं, मापांसकटचं), एखादं हातानं काढलेलं स्केच, आणि ग्रुपमधल्या कामात तुम्ही नेमकं काय केलं त्याची एक ओळ. ही ओळ जवळपास कोणीच लिहीत नाही; मग मुलाखतीत ‘हा साइट प्लॅन कोणी काढला?’ असं विचारलं की पंचाईत होते.

जाता जाता आणखी एक. चौथ्या वर्षाला असताना इन्स्टाग्रामवर नावाआधी ‘आर.’ (आर्किटेक्ट) लावू नका. 1972च्या आर्किटेक्ट्स अॅक्टनुसार ही उपाधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्यांसाठीच आहे. पदवी हातात पडली तरी नोंदणी होईपर्यंत थांबावं लागतं. तुम्हाला ती गंमत वाटते, मेल वाचणाऱ्याला ती पहिली खटकते.

व्यवसाय म्हणजे फक्त आर्किटेक्ट नव्हेत

खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं हा प्रस्ताव 1965 साली छापून आला तेव्हा तो मांडणारे तिघं होते. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता आर्किटेक्ट; शिरीष पटेल सिव्हिल इंजिनिअर. तुम्ही ज्या शहरात शिकता त्याची सुरुवातच अशी मिश्र टेबलावर झाली. तरीही विद्यार्थ्यांच्या फोनमध्ये ना स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा नंबर असतो, ना प्लंबिंगवाल्याचा, ना साइट सुपरवायझरचा. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी सुपरवायझरला विचारून साइटवर जा. सळ्या तपासताना स्ट्रक्चरलवाला काय बोटानं दाखवतो, इलेक्ट्रिशियन पाइप कुठून नेतो आणि तुमच्या ड्रॉइंगमधला पंख्याचा पॉइंट कसा बीमखाली येतो, हे दोन तासांत कळतं. हेल्मेट आणि बूट घालून जा. चपला बघून बाहेरूनच परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

याच हिशेबात, दक्षिण मुंबईतल्या मोठ्या नावांमागे लोकलमध्ये रोज चार तास घालवण्याचा हट्टही एकदा तपासून बघा. वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, ठाण्यात किसन नगरसारख्या ठिकाणी जुन्या इमारतींचा गटानं पुनर्विकास करणारी क्लस्टर योजना आहे. 2020च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत एक प्रस्ताव बसवताना एफएसआयचा (भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येईल त्याचा) तक्ता, मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा) आणि पार्किंग यांची जी ओढाताण होते, ती चार टेबलांच्या ऑफिसात तुमच्या डोळ्यांसमोर होते. मोठ्या ऑफिसात तुमच्या वाट्याला कदाचित फक्त टॉयलेट डिटेल येतील.

‘माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही’

चार्ल्स कोरियांनी आखलेली बेलापूरची घरांची वसाहत, आर्टिस्ट्स व्हिलेज, हाकेच्या अंतरावर असताना ही तक्रार मला पटत नाही. कोरियांच्या मांडणीत सुमारे 8 बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती सात घरं आहेत; असे तीन गट मिळून एकवीस घरं, 12 बाय 12 मीटरच्या मोकळ्या जागेभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला हात न लावता प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. विद्यार्थी काय करतात? पुस्तकातला मूळ प्लॅन ट्रेस करतात आणि 1980च्या दशकातलं उतरत्या कौलांचं चित्र चिकटवतात. आज तिथे गेलात तर बरीच घरं वाढलेली, काही पाडून पुन्हा बांधलेली दिसतील. त्यातला एकच गट परवानगी घेऊन टेप लावून मोजा. मजला कुठे चढला, अंगणात कोणाचा ओटा पुढे आला, पावसाचं पाणी आता कुठे जातं ते शीटवर उतरवा. घरातल्या काकूंना विचारलंत तर कोणत्या भिंतीला ओल येते हेही कळेल. हे शीट घेऊन घरांच्या वाढीव बांधकामाचं काम करणाऱ्या आर्किटेक्टकडे गेलात, की बोलणं नोकरीवर न थांबता कामावर येतं. मग पुढच्या साइटला तुम्हाला सोबत नेण्याचं तोच सुचवतो.

कार्यक्रमांचंही तसंच. व्याख्यानाला जाऊन शेवटच्या रांगेत बसायचं, वक्त्याबरोबर सेल्फी काढायचा आणि पाहुणे चहाला थांबले असताना पनवेल लोकल गाठायची. ज्येष्ठांच्या संस्थेत आपलं काय काम, असं वाटत असेल तर आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स 1917 साली मुंबईत कोणत्या नावानं सुरू झाली ते ऐका: आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. माजी विद्यार्थ्यांनी उभी केलेली. सध्याचं नाव 1929चं.

चुका पलीकडेही होतात

कॉलेजं बाहेरच्या आर्किटेक्टला बोलावतात ते थेट अंतिम जुरीला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षणाला. शीट छापलेली, मॉडेल चिकटवलेलं, एका विद्यार्थ्यामागे पाच मिनिटं. त्यानं काहीही सांगितलं तरी बदलायला वेळ उरलेला नसतो. त्याच माणसाला सत्राच्या मध्यावर, ट्रेसिंग पेपर पसरलेला असताना बोलवा.

ऑफिसांची चूक अधिक गंभीर आहे. ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणत फुकट राबवून घेणं. कौन्सिलच्या 1989च्या आचारनियमांत कर्मचाऱ्यांना रास्त मोबदला आणि व्यावसायिक वाढीला वाव द्यावा असं म्हटलं आहे. इंटर्न त्यात बसत नाही असा अर्थ लावणं ही माझ्या मते पळवाट आहे. म्हणून रुजू होण्याआधी स्टायपेंड, वेळ, महिन्यातून किती साइट व्हिजिट आणि प्रशिक्षणाच्या पत्रावर सही करणाऱ्या आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक, एवढं मेलवर लिहून घ्या. ऑफिसची ड्रॉइंग पोर्टफोलिओत वापरता येतील का, हेही तेव्हाच विचारा. न विचारता क्लायंटच्या बेडरूमचा प्लॅन इन्स्टाग्रामवर टाकलेल्या इंटर्नला त्या ऑफिसातून शिफारसपत्र मिळणार नाही.