घरी अँटिबायोटिकचे इंजेक्शन घेताना या चुका टाळा

रुग्णालयातून सुट्टी मिळाली आहे, पण इंजेक्शनांचा कोर्स अजून पाच-सात दिवस उरला आहे, अशा रुग्णांच्या घरी मी परिचारिका म्हणून पुण्यात अनेक वर्षे जाते. घरे बदलतात, चुका मात्र त्याच असतात. त्यांतली सर्वांत घातक चूक एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेली असते.

‘कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असे विचारले की बहुतेक घरांतून ‘नाही’ असेच उत्तर येते. मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी असलेल्या एका आजींच्या घरीही तेच उत्तर मिळाले. लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल आल्यावर डॉक्टरांनी फोनवरून औषध बदलून पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू करायला सांगितले होते, आणि नव्या औषधाचा पहिलाच डोस घरी देण्याची चूक मीही केली. सलाइनमधून औषध सुरू होऊन पाच मिनिटे झाली नसतील, तोच आजी तळहात खाजवू लागल्या. गळ्यावर लाल चट्टे आले आणि आवाज घोगरा झाला. मी सलाइन बंद केले, त्यांना आडवे करून पाय उंच ठेवले, डॉक्टरांच्या लेखी सूचनेनुसार पेटीत असलेले अ‍ॅड्रेनॅलिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचे तातडीचे औषध) मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले आणि मुलाला 108 क्रमांकावर फोन करायला लावला. आजी वाचल्या. रुग्णालयात सूनबाईंना आठवले की, दोन वर्षांपूर्वी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या घेतल्यावर आजींच्या ‘अंगावर पित्त उठले होते’. आमसुलाचे पाणी लावले, उतरले, आणि सारे विसरून गेले. ती गोळी आणि हे इंजेक्शन, दोन्ही पेनिसिलिनच्याच घराण्यातली.

तेव्हापासून मी ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दावर थांबत नाही. गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर कधी पित्त उठले होते का, गांधी आल्या होत्या का, ओठ किंवा डोळे सुजले होते का, असे एकेक विचारते आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या मागते. नव्या अँटिबायोटिकचा पहिला डोस मी घरी देत नाही. तो रुग्णालयातच घ्यावा. कातडीखाली थोडेसे औषध टोचून ‘टेस्ट डोस’ घेतला म्हणजे निर्धास्त झालो, ही समजूतही खोटी आहे. इंजेक्शननंतर अर्धा तास मी रुग्णाजवळ बसते. ‘सिस्टर, झाले ना, निघा आता’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांचे मी ऐकत नाही, आणि पाच मिनिटांत पुढचे घर गाठणाऱ्या नवशिक्या परिचारिकांचे मला कौतुक वाटत नाही.

दुसरी चूक कॅन्युलाची, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेल्या बारीक नळीची. ‘दोनच डोस उरलेत, आता पुन्हा टोचू नका’ असे म्हणून दुखणारी कॅन्युला तशीच ठेवली जाते. एका घरी सणासाठी घातलेल्या हिरव्या बांगड्यांनी मनगटावरची चिकटपट्टी सोडवली होती. सुईपासून वर कोपराकडे शीर दोरीसारखी कडक आणि लाल झाली होती, आणि त्यावर कुणीतरी बाम चोळला होता. शीर दुखते, लाल दिसते किंवा हात सुजतो, तेव्हा कॅन्युला काढून दुसऱ्या जागी घालावीच लागते. बाम चोळू नये. प्रत्येक डोसच्या आधी आणि नंतर मी नॉर्मल सलाइन सोडून पाहते. ते सहज गेले नाही किंवा रुग्णाने तोंड वाकडे केले, तर औषध भरायलाच घेत नाही.

इंजेक्शन घाईने ढकलून देण्याचा आग्रह धरू नका. दोन ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक असेल तर मी ते 100 मिली नॉर्मल सलाइनमधून अर्ध्या तासात देते. घरात उरलेली आरएलची (रिंगर लॅक्टेट या सलाइनची) बाटली त्यासाठी वापरू नये, कारण तिच्यातल्या कॅल्शियममुळे या औषधाचा साका तयार होऊ शकतो. कुपीत उरलेले विरघळवलेले औषध उद्यासाठी फ्रीजच्या दारात ठेवू नये.

ताप उतरला म्हणून कोर्स थांबवणारे आणि उतरत नाही म्हणून तिसऱ्याच दिवशी औषध बदलायला सांगणारे, दोघेही उतावीळ. विषमज्वरात (टायफॉइडमध्ये) सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू झाल्यावरही ताप पूर्ण जायला पाच-सहा दिवस लागू शकतात. मात्र त्या काळात पोटात तीव्र वेदना, शौचातून रक्त किंवा ग्लानी दिसली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

वापरलेल्या सुया टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकाव्यात. ती बरणी मी शेवटच्या दिवशी दवाखान्यात परत नेते. तुमच्या सिस्टर नेत नसतील तर त्यांना न्यायला सांगा, कारण घंटागाडीत गेलेली सुई कचरा वेचणाऱ्याच्या हातात शिरते.