नळ न सोडता गॅस गिझर पेटत असेल तर काय तपासावे

पहाटे घरातील बाकी सगळे झोपलेले असताना गॅस गिझरमधून टिकटिक ऐकू येते, पाठोपाठ भक्कन ज्योत पेटते आणि काही क्षणांनी विझते, हा अनुभव आमच्या परभणीच्या घरी आम्ही दोन हिवाळे घेतला. असे होऊ लागल्यास दोष सापडेपर्यंत प्रत्येक वापरानंतर रेग्युलेटर बंद करावा आणि गिझरचे दोन्ही सेल काढून ठेवावेत. गिझर न्हाणीघराच्या आतच बसवलेला असेल, तर तो आधी बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्यावा. कोंडलेल्या जागेत हवा अपुरी पडली की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो.

गिझर पेटतो तो पाण्याच्या प्रवाहावर. पाणी वाहू लागले की आतला रबरी पडदा, ज्याला मेकॅनिक डायफ्रॅम म्हणतात, तो सरकतो, त्याची दांडी मायक्रोस्विच मोकळा करते किंवा दाबते, १.५ व्होल्टच्या दोन सेलांवर ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. म्हणून आपोआप पेटण्याचे अर्थ दोनच: कुठे तरी पाणी वाहत आहे, किंवा पाणी नसतानाही दांडी अथवा स्विच अडकून राहिला आहे.

या दोहोंतला फरक गॅस न पेटवता कळतो. रेग्युलेटर बंद ठेवावा, गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करावा आणि मग सेल बसवावेत. लगेच टिकटिक सुरू झाली तर दोष गिझरच्या आत आहे. शांतता राहिली तर कॉक उघडावा, गरम पाण्याचे सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी आणि घरातील थंड पाण्याचे नळ एकेक करून सोडत कान देऊन ऐकावे.

आमच्याकडे स्वयंपाकघरातला साधा नळ सोडताच टिकटिक झाली. मेकॅनिकने त्याआधी दोनदा स्विच बदलला होता, पण कारण निघाले हँड शॉवरच्या मिक्सरमध्ये. शॉवरचे पाणी टोकाच्या बटणाने बंद केले जाई आणि मिक्सरचे गरम व थंड असे दोन्ही नळ उघडेच राहत. अशा वेळी दोन्ही पाइप आतून जोडलेले असतात. दुसरीकडे थंड पाणी सोडले की त्या बाजूचा दाब उतरतो, गिझरमधले पाणी मिक्सरमार्गे तिकडे ओढले जाते आणि गिझर पेटतो. मिक्सरचे दोन्ही नळ नेहमी पूर्ण बंद करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. बहुतेक जण आधी ठिबकणाऱ्या नळाचा वायसर बदलतात. वायसर जरूर बदलावा, परंतु थेंबथेंब पाण्याने गिझर सहसा पेटत नाही.

आपल्या भागात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते आणि ते आले की मोटार लावून टाकी भरली जाते. टाकीकडे चढणाऱ्या पाइपमधूनच गिझरची जोडणी घेतलेली असेल, तर मोटार सुरू-बंद होताना दाब हिसके देतो आणि तेवढ्यावरही ठिणगी पडू शकते. जोडणी टाकीच्या स्वतंत्र पाइपवरून घ्यावी.

दोष आत असल्यास संशय प्रथम क्षारांवर घ्यावा. मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याचा पांढरा थर दांडीवर बसला की नळ बंद केल्यावरही ती मागे येत नाही. पाणी येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी कॉक बंद करून आपण स्वतः काढून धुवावी, मात्र डायफ्रॅम, दांडी आणि गॅसचा व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिककडूनच उघडून साफ करून घ्यावेत. नळ बंद करूनही ज्योत तशीच राहिली तर प्रथम रेग्युलेटर बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरूच नये, कारण थांबलेले पाणी आत उकळू लागते.

दुरुस्तीनंतर गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. गॅसचा वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.