निनावी खात्यामागचं नाव: स्थानिक बातमीदारीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाण्यात बातमीदारीला सुरुवात करताय, तर पहिल्या महिन्याभरातच कोणीतरी तुम्हाला विचारेल, "हे खातं कोण चालवतं, काढ ना शोधून." बहुतेक वेळा तुम्हाला ते जमेलही. अडचण त्यानंतर सुरू होते.

घोडबंदर रोडवरच्या एका संकुलातून एक निनावी खातं रोज सकाळी टँकरचे फोटो टाकायचं. आमच्याकडच्या शिकाऊ मुलाने दुपारच्या चहापर्यंत माणूस हुडकला. येऊरचा डोंगर कुठल्या बाजूने दिसतो, बाल्कनीचं ग्रिल कसं आहे, आणि त्याच ग्रिलसमोर काढलेला वाढदिवसाचा फोटो दुसऱ्या, खऱ्या नावाच्या खात्यावर. काम चोख होतं, त्याचं कौतुकही केलं. पण ते नाव छापून पाणी महाग का पडतंय हे वाचकाला कळणार नव्हतं, आणि त्या माणसाला मात्र कमिटीच्या लोकांबरोबर रोज त्याच लिफ्टमधून जायचं होतं. आम्ही टँकरच्या पावत्या मिळवल्या, कमिटीचं म्हणणं घेतलं आणि पाण्याची बातमी केली. नाव वहीतच राहिलं.

हेच खातं बिल्डरचा पगारी माणूस रहिवासी म्हणून चालवत असता, तर मी नाव छापायचा आग्रह धरला असता. तिथे ओळख लपवणं हीच फसवणूक असते. मात्र तेव्हाही आधी त्या माणसाला फोन करायचा आणि त्याची बाजू घ्यायची. नुसत्या खुणा जुळल्या म्हणून नाव पक्कं होत नाही. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर लोकांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवलं. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता, आणि त्याच्या घरच्यांना ऐन शोधाशोधीत शिव्याशाप ऐकावे लागले. धमक्या किंवा अश्लील मजकुराचं खातं असेल तर तक्रारदाराला सायबर पोलिसांकडे पाठवा. पोलिसांना कंपनीकडून नोंदी मागवता येतात, आपल्याला नाही.

निनावी माणूस घाबरट असतो, हा समज आधी डोक्यातून काढा. सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ मध्ये महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. तो लुटीसाठी झाला असं सीबीआयने म्हटलं, पण नाव फुटल्याचा प्रश्न मिटला नाही. तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचा सरकारी ठराव २००४ मध्ये आला तो या प्रकरणानंतरच.

नाव न छापताही ओळख फुटते, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "वर्तकनगरमधल्या अमुक शाळेतली आठवीची मुलगी, वडील रिक्षा चालवतात." एवढं लिहिलंत की अख्ख्या चाळीला कळलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये, छापायला मनाई असलेल्या गोष्टींत, नाव, पत्ता, फोटो यांच्याबरोबर कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजारपाजारही येतो तो याचसाठी. प्रौढ पीडितेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. वार्ताहर म्हणून काम करताना ही कलमं पाठ हवीत. मी तर बातमीची कॉपी पाठवण्याआधी एकदा त्या मुलीच्या शेजारणीच्या नजरेने वाचते.

फाइलींचंही तसंच. व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट टाकताना वरची नावाची पट्टी कापा, धूसर करू नका. फोटो डॉक्युमेंट म्हणून आला असेल तर त्यात काढल्याचं ठिकाण असू शकतं. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लिहिणाऱ्याचं नाव असतं. पीडीएफमध्ये नावावर काळी चौकट ठेवली तरी खालची अक्षरं अनेकदा कॉपी करता येतात. म्हणून मूळ फाइल कधीच पुढे पाठवायची नाही, मजकूर नव्याने टाइप करायचा.

आणि माहिती देणाऱ्याला शब्द देताना जपून द्या. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ पत्रकाराला सूत्र न सांगण्याची मुभा देतो, पण ती कौन्सिलपुढच्या, म्हणजे वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेपुढच्या, कामकाजापुरती. कोर्ट नाव विचारू शकतं. "मी छापणार नाही, ऑफिसात फक्त संपादकांना सांगेन, आणि कोर्टाने विचारलं तर आधी तुम्हाला कळवेन," एवढं मी सांगते. ते ऐकून काही जण फोन ठेवतात. ठेवू द्या.