सिंगल-पेज ॲपसाठी राउटिंगची पद्धत कशी निवडावी

समजा, मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक दाखवणारे सिंगल-पेज ॲप, म्हणजे एकदाच पान आणून त्यातच सगळे पडदे बदलणारे वेब ॲप, तयार करायचे आहे. कोणत्या पत्त्यावर कोणता पडदा दाखवायचा हे ठरवणे म्हणजे राउटिंग. अशा वेळी हे काम करणारी तयार राउटर लायब्ररी शोधण्याआधी ॲपमधील सर्व पत्ते कागदावर लिहून काढावेत. दादर स्थानक पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर असल्यामुळे पत्त्यात मार्ग आणि स्थानक दोन्ही यावे लागतात. जलद की धीमी ही निवड मात्र प्रश्नचिन्हानंतरच्या भागात ठेवलेली बरी. व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक उघडणाऱ्याला नेमकी तीच यादी दिसली पाहिजे, ही माझ्या मते पहिली कसोटी होय.

त्यानंतरचा प्रश्न असा, की हा पत्ता सर्व्हरला कळण्याची गरज आहे का? हॅश (#) चिन्हानंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. म्हणून हॅश राउटिंग, म्हणजे पडद्याचा पत्ता या चिन्हानंतर ठेवण्याची पद्धत, सर्व्हरला हात न लावता चालते आणि कार्यालयाच्या अंतर्गत वापराच्या ॲपसाठी ते पुरेसे ठरते. परंतु त्याच कारणाने सर्व्हरला पडद्यानुसार वेगळे शीर्षक किंवा लिंकचे वेगळे पूर्वदर्शन देता येत नाही. हॅश आणि उद्गारचिन्ह असलेले पत्ते वाचण्याची जुनी योजना गूगलनेही 2015 मध्ये कालबाह्य ठरवली. लोकांनी शोधून यावे अशा ॲपसाठी म्हणूनच हिस्टरी एपीआय (हॅशविना साधा पत्ता कोडमधून बदलू देणारी ब्राउझरची सोय) निवडावा.

हिस्टरी एपीआयमधील पुशस्टेट ही आज्ञा पान पुन्हा न आणता पत्ता बदलते. मागे-पुढे जाताना पॉपस्टेट ही घटना घडते, पण पुशस्टेट बोलावल्याने ती घडत नाही. म्हणून पुशस्टेट बोलावल्यावर नवा पडदा आपल्याच कोडने रंगवायचा असतो. खरी अडचण रिफ्रेश केल्यावर येते, कारण सर्व्हर त्या पत्त्यावर फाइल शोधतो आणि ती नसल्यामुळे 404, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे उत्तर देतो. त्यावर उपाय म्हणून, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ट्राय-फाइल्स या सूचनेने करतात तसा, न सापडलेला पत्ता मुख्य एचटीएमएल फाइलकडे वळवावा. या नियमातून सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या एपीआयचे आणि स्क्रिप्टचे पत्ते आवर्जून वगळावेत. नाहीतर हरवलेल्या स्क्रिप्टच्या जागी 200 या यशस्वी क्रमांकासह एचटीएमएल येते आणि चूक शोधणे फार कठीण होते. स्क्रिप्टचे पत्ते सुरुवातीच्या तिरप्या रेघेसह पूर्ण लिहावेत, कारण सापेक्ष पत्ते खोलवरच्या पानावर चुकीच्या ठिकाणी पोहोचतात.

दुसऱ्याच्या पानात बसवायच्या छोट्या विजेटने यजमान पानाच्या पत्त्याला धक्का लावू नये. तेथे मेमरी राउटिंग, म्हणजे पडद्याचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत न दाखवता फक्त कोडच्या स्मृतीत ठेवण्याची पद्धत, वापरावे.

मराठी ॲपमध्ये पत्ता देवनागरीत ठेवण्याचा मोह होतो आणि तो चुकीचाही नाही. मात्र यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह 3 अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे लिंक कॉपी केल्यावर ‘दादर’ या शब्दाची अनेकदा 36 अक्षरे झालेली दिसतात. लिंक छापील फलकावर द्यायची असेल, तर रोमन लिपीतील छोटा पत्ता अधिक सोयीचा ठरतो.

जलद-धीमी अशी निवड बदलताना, इतिहासात नवी नोंद न वाढवता पत्ता बदलणारे रिप्लेसस्टेट वापरावे, म्हणजे मागे जाणाऱ्याला प्रत्येक बदल उलटा चालावा लागणार नाही. स्थानक बदलल्यावर मात्र पुशस्टेटच हवे. तेव्हा पानाचे शीर्षक बदलावे आणि फोकस नव्या मथळ्यावर न्यावा, कारण पान नव्याने न आल्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्याला पडदा बदलल्याचे एरवी कळत नाही.